गॅरेजात न मावलेली पाँटियाक

नॉर्बर्ट क्लिमेक आणि त्याची बायको लॉरेटा त्या शनिवारी खरं तर कपाट आणायला गेले होते. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे त्यांच्या गावात, फर्नहिलमध्ये, ज्या कथा पसरल्या, त्यांतल्या एकीत नॉर्बर्टने ही गाडी पैजेत जिंकली होती, दुसरीत बायकोपासून लपवून आणली होती, आणि तिसरीत, जी चर्चच्या तळघरात कॉफीबरोबर वाढली जात असे, त्याला डॉक्टरांनी थोडेच दिवस दिले होते. यातलं काहीच खरं नव्हतं. डेट्रॉईटच्या उत्तरेला, लेपियरच्या बाजूला एका शेतावर जुन्या सामानाची विक्री होती, आणि लॉरेटाला ओकचं कपाट हवं होतं. ती कपाटाचे खण ओढून बघत होती तेव्हा नॉर्बर्ट पाय मोकळे करायला कोठारामागे गेला, आणि तिथे कमरेइतक्या गवतात ती उभी होती.

उभी होती म्हणणं जरा सौजन्याचंच झालं. चाकांत हवा नव्हती. मागची काच नव्हती. रंग एके काळी हिरवा असावा, पण आता गंजाने अंगभर असे काही नकाशे काढले होते की भूगोलाचा मास्तर असलेल्या नॉर्बर्टला डाव्या दारावर चक्क दक्षिण अमेरिका दिसली. ड्रायव्हरच्या सीटवर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. तिने नॉर्बर्टकडे बसमध्ये खिडकीची जागा मिळालेल्या प्रवाशाच्या नजरेने पाहिलं आणि मान फिरवली.

पण ती पाँटियाक होती, अडुसष्ट सालची. आठ सिलिंडरांची, लांब नाकाची, रुंद खांद्यांची. नॉर्बर्टच्या तरुणपणी या गाड्या डेट्रॉईटच्या रस्त्यांवरून नुसत्या जात नसत, गुरगुरत जात. पोरं त्यांच्यासाठी जेवण विसरत आणि पोरी घरी यायची वेळ.

तो परत आला आणि लॉरेटाला म्हणाला, "कपाट राहू दे."

"मग काय घ्यायचं?"

नॉर्बर्टने तिला कोठारामागे नेऊन दाखवलं. लॉरेटा चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती. दिवसभर माणसांना आरशासमोर बसवून खरं काय ते गोड शब्दांत सांगायचं, हा तिचा धंदा. तिने गाडीला एक चक्कर मारली. कोंबडीच्या बाजूने जरा लांबून, कारण कोंबडी टोचेल असं तिला वाटलं.

"नॉर्बर्ट," ती म्हणाली, "आपला टोस्टर बिघडला तेव्हा तू त्याची माफी मागितली होतीस."

"शिकेन मी."

"कुणाकडून?"

नॉर्बर्टने दारावरची दक्षिण अमेरिका अंगठ्याने पुसून पाहिली. पण लॉरेटाने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. त्यांची एकुलती मुलगी मॅरीबेथ त्याच वसंतात नोकरीसाठी ओरेगनला गेली होती, आणि तेव्हापासून हा माणूस संध्याकाळी हॉलमध्ये बसून बंद टीव्हीकडे बघायचा. टीव्हीपेक्षा गाडी बरी, असा विचार तिने केला असावा. पदरी पडलं पवित्र झालं.

आता या वयात, डोक्यावर विरळ झालेले केस आणि दारात चालती-बोलती जपानी मोटार असताना, एका भूगोलाच्या मास्तरला हे काय सुचलं, असं कुणीही विचारेल. नॉर्बर्टला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, "जुन्या वस्तू जपल्या पाहिजेत." ते खोटं होतं.

खरं असं होतं. कॉलेजात जाण्यापूर्वी नॉर्बर्ट क्लॅरिनेट शिकायचा. आईची इच्छा. शिकवणी शुक्रवारी संध्याकाळी, वुडवर्ड रस्त्यावर एका दातांच्या दवाखान्याच्या वर. आणि शुक्रवारी संध्याकाळी वुडवर्डवर काय चालायचं ते डेट्रॉईटमध्ये ज्याला माहीत नाही तो डेट्रॉईटचा नव्हे. सगळ्या गावाची पोरं आपापल्या दांडग्या गाड्या घेऊन यायची आणि त्या रुंद रस्त्यावरून खाली-वर, खाली-वर करत राहायची. खिडक्या उघड्या, रेडिओ मोठ्याने, आणि आत चारपाच जण एकमेकांच्या मांडीवर. नॉर्बर्ट क्लॅरिनेटची पेटी गुडघ्यांत धरून बसस्टॉपच्या बाकावर बसलेला असायचा. बस उशिरा यावी अशी प्रार्थना करणारा त्या शहरातला तो बहुधा एकमेव प्रवासी असेल. त्याच्या वर्गातली पोरं त्या गाड्यांत असायची. ती वाईट नव्हती, हात करायची. पण कुणी थांबून दार उघडून "ये, बस" म्हटलं नाही.

एकदा एक गाडी थांबली होती. हिरवी पाँटियाक. नॉर्बर्ट उभा राहिला. पेटी कुठे ठेवायची याचा विचारही त्याने करून टाकला. आतल्या मुलाने डोकं बाहेर काढून विचारलं, "दादा, नाइन माइल रस्ता कुठला रे?" नॉर्बर्टने पत्ता सांगितला. सगळा सांगितला: कुठला सिग्नल, कुठलं चर्च, कुठे रस्ता अरुंद होतो. पहिल्या सिग्नलपाशीच त्यांचं भागलं होतं. गाडी गेली तेव्हा नॉर्बर्ट सांगत सांगत चर्चपर्यंत आला होता.

त्या रात्री त्याने भूगोलात प्रावीण्य मिळवायचं ठरवलं, असं मी म्हणणार नाही. पण मिळवलं खरं.

तर अशी ती गाडी ओढगाडीवरून फर्नहिलमध्ये आली, आणि पहिला घोळ लगेच झाला. ती गॅरेजात मावेना. क्लिमेकांचं गॅरेज आटोपशीर माणसांनी आटोपशीर मोटारींसाठी बांधलेलं. पाँटियाक शेपटाकडून आत ढकलली तर मागच्या भिंतीला टेकूनही तिचं नाक दाराबाहेर उरलं. लांबून बघणाऱ्याला वाटे की एखादं जनावर गोठ्यातून डोकं काढून रस्त्यावरची गंमत बघतंय.

समोरच्या घरातला ड्वेन पेट्री लगेच आला. ड्वेनची उभी हयात मोटारींच्या कारखान्यात गाड्यांना उजवीकडचे दरवाजे बसवण्यात गेली होती. त्यामुळे गाडीच्या उजव्या बाजूबद्दल त्याचं ज्ञान अगाध होतं. डावीबद्दल तो अंदाजाने बोलत असे. पण बोलत असे.

"काही नाही झालेलं हिला," उजव्या बाजूने बघत तो म्हणाला. "वरवरचा गंज आहे. चार शनिवार. पाचव्या शनिवारी तू वुडवर्डवर असशील बघ."

वुडवर्डवरचे ते शुक्रवार केव्हाच संपले होते, पण हल्ली ऑगस्टमधल्या एका शनिवारी तिथे जुन्या गाड्यांची जत्रा भरू लागली होती. केस पांढरे झालेली तीच पोरं त्याच गाड्या घेऊन पुन्हा खाली-वर करत. नॉर्बर्ट दर वर्षी लॉरेटाला खरं न सांगता, हार्डवेअरच्या दुकानात जातो म्हणून निघायचा आणि फुटपाथवर उभं राहून बघून यायचा. येताना खिळे आणायचा. घरात इतके खिळे होते की दुसरं घर उभं राहिलं असतं.

"ऑगस्ट," नॉर्बर्ट म्हणाला, आणि शाळेला सुट्टी लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी कामाला लागला.

कामाची सुरुवात म्हणून तो नुसता ड्रायव्हरच्या सीटवर बसला. कोंबडी लेपियरलाच राहिली होती. आता ती जागा हक्काची होती. त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, समोर वुडवर्ड आणला, सिग्नल लाल केला आणि ब्रेक दाबला. ब्रेक दबला. मग ब्रेकखालची जमीनही दबली, आणि नॉर्बर्टचा पाय गाडीच्या तळातून आरपार जाऊन गॅरेजच्या फरशीवर बुटासकट टेकला.

पाय खाली गेला तसा वर येईना. गंजलेल्या पत्र्याचे दात आत वळले होते. त्याच वेळी शेजारच्या व्हर्ना टिडवेल केळ्याचा केक घेऊन आल्या. या बाई शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या, आणि तक्रार करायची असली की आधी केक आणून द्यायच्या. फर्नहिलमध्ये त्यांचा केक दारात आला की लोक आधी आपलं अंगण तपासून बघत.

"मिस्टर क्लिमेक, बसलायत वाटतं निवांत," त्या म्हणाल्या.

"हो, जरा," नॉर्बर्ट म्हणाला. पाय अडकलाय हे सांगायचा त्याला धीर होईना. शाळेत त्याच्याबद्दल आदराने बोललं जाई.

"माझ्या स्वयंपाकघरातून सरळ हिचं तोंडच दिसतं हो. सकाळी कॉफी घेताना मला वाटतं ही माझ्याकडेच बघत्येय."

"स्वभाव शांत आहे तिचा," नॉर्बर्ट म्हणाला.

बाई बराच वेळ बोलल्या. हायड्रेंजियाच्या झुडपांबद्दल, घरांच्या किमतींबद्दल, आपल्या कैलासवासी यजमानांबद्दल, जे कधी एक खिळासुद्धा अंगणात राहू देत नसत. नॉर्बर्ट सौजन्याने हसत होता आणि खाली त्याच्या पोटरीला पत्र्याचे दात लागत होते. बाई गेल्यावर त्याने पँटचा पाय कापून स्वतःची सुटका केली आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आला. दवाखान्यात कारण विचारलं तेव्हा त्याने "ब्रेक मारला" असं सांगितलं.

पुढच्या आठवड्यांत गाडी दुरुस्त होण्याऐवजी कमी होत गेली. गंज खरवडायला घ्यावा तर खाली पत्राच नसायचा. नॉर्बर्ट गंज नव्हे, गाडीच खरवडत होता. बोल्ट फिरवावा तर तुटायचा. न तुटलेले बोल्ट त्याने शिस्तीने लॉरेटाच्या मफिनच्या साच्यांत लावून ठेवले, प्रत्येक खळग्यात चिठ्ठी. भूगोलाच्या मास्तरला वर्गीकरण जमतं. पण एका रविवारी लॉरेटाने ओव्हनमधून जे काढलं त्यात मफिन कमी आणि वॉशर जास्त होते. कार्ब्युरेटर तिच्या कॅसरोलच्या भांड्यात रॉकेलमध्ये बुडून दोन दिवस होता. तिसऱ्या दिवशी भांडं नॉर्बर्टने नीट घासून परत ठेवलं, असा त्याचा दावा होता. त्या संध्याकाळी त्यात भाजलेल्या बटाट्यांच्या चवीने तो फेटाळला.

ड्वेन रोज यायचा. त्याने सांगितलं म्हणून नॉर्बर्टने गाडीच्या तळाला नवा पत्रा जोडला आणि जोडताना ठिणगी पडून गॅरेजचं गवती पायपुसणं पेटलं. त्याने सांगितलं म्हणून इंजिन भाड्याच्या क्रेनने बाहेर काढलं. क्रेनला चाकं होती, आणि क्लिमेकांच्या अंगणाला उतार. आठ सिलिंडरांचं ते धूड साखळीला लटकत, सावकाश, एखाद्या बिशपच्या गांभीर्याने टिडवेलबाईंच्या हायड्रेंजियाकडे निघालं. नॉर्बर्ट आणि ड्वेन दोन बाजूंनी त्याला विनवत धावत होते. हायड्रेंजियाने त्याला थांबवलं.

त्या दिवशी केक आला नाही. चार दिवसांनी नगरपालिकेचं पिवळं कार्ड दाराला लटकलेलं मिळालं.

कार्डाचा मजकूर असा की निवासी भागात रस्त्यावरून दिसेल अशा ठिकाणी चालू नसलेलं वाहन ठेवता येत नाही. एक तर ते पूर्ण बंदिस्त करा, नाही तर नगरपालिका ते उचलून भंगारात देईल. नॉर्बर्टने आयुष्यात लायब्ररीचं पुस्तकसुद्धा उशिरा दिलं नव्हतं. त्याने त्याच दिवशी वाहन बंदिस्त केलं. म्हणजे लॉरेटाच्या बेडरूमचे जुने पडदे गॅरेजच्या दारापासून गाडीच्या नाकापर्यंत ताणून शिवले. पडद्यांवर मोठी गुलाबाची फुलं होती. आता टिडवेलबाईंना कॉफी घेताना झोपायच्या टोपीतली गाडी दिसू लागली.

सुनावणीला नॉर्बर्ट सूट घालून गेला. नगरपालिकेच्या सभागृहात समितीचे तीन जण होते आणि बाजूला नियमांचं जाड पुस्तक घेऊन इन्स्पेक्टर प्रुइट. सडसडीत, व्यवस्थित, हसणं अंगणात ठेवून येणारा माणूस.

"पडदा हे बांधकाम नव्हे," प्रुइट म्हणाला.

"कापडाचं बांधकाम," नॉर्बर्ट म्हणाला. "वाळवंटातले लोक पिढ्यान् पिढ्या तंबूतच राहत आले आहेत." आणि तो तंबूंबद्दल जरा सविस्तर बोलला. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं.

"मिस्टर क्लिमेक, गाडी चालते का?"

"तत्त्वतः."

"तत्त्वतः तर आमची फायर ब्रिगेडपण चालते. असं करू, प्रुइट येऊन बघतील. गाडी स्वतःच्या शक्तीने हलली तर तुमची. नाही हलली तर त्यानंतरच्या सोमवारी उचलू."

प्रुइटला ऑगस्टमधला एक शनिवार मोकळा होता. तो नेमका वुडवर्डच्या जत्रेचा शनिवार निघाला. नॉर्बर्टने घरी येताना मनात सगळं जुळवून टाकलं: सकाळी प्रुइट, दुपारी वुडवर्ड. त्याला इतका आनंद झाला की तो गाडीशी मोठ्याने बोलू लागला. बायकोशी तो हल्ली फक्त स्पॅनर कुठे आहे एवढंच बोलत असे.

एका संध्याकाळी जेवण झाल्यावर तो गाडीखाली पाठीवर पडला होता. बाजूला पावलं वाजली. नॉर्बर्टने गाडीखालून हात बाहेर काढला. "ड्वेन, तो अर्ध्या इंचाचा पाना दे रे."

हातात थंडगार ग्लास आला.

तो सरकत बाहेर आला. लॉरेटा रंगाच्या उलट्या डब्यावर बसली होती. तिने स्वतःसाठीही लिंबाचं सरबत आणलं होतं. तिने ग्लासानेच गाडीकडे खूण केली.

"हिचं काय आहे एवढं?" तिने विचारलं. "भांडायला नाही विचारत. खरंच विचारत्येय."

आणि नॉर्बर्टने, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदा, तिला बसस्टॉपचं सांगितलं. क्लॅरिनेटची पेटी, हात करून जाणारी पोरं, नाइन माइल रस्ता, सगळं. सांगताना तो थोडा हसला. लॉरेटा हसली नाही.

"मी बसलेय अशा गाडीत," ती म्हणाली. "रॉनी फॉकच्या. तुझ्या आधी."

"कशी होती?"

"पेट्रोलचा वास. केसांचं वाटोळं. तो सारखा दुसऱ्या गाड्यांकडे बघायचा. आम्ही काही बोललो असू असं मला आठवतच नाही." तिने सरबताचा घोट घेतला. "तरी मजा यायची. खोटं कशाला सांगू. कुणीतरी दाराशी येऊन भोंगा वाजवायचं ना, ते छान वाटायचं. आपल्यासाठी वाजवलाय म्हणून."

"मी कधी वाजवला नाही."

"तू बेल वाजवायचास. आणि मग बाबांशी हवामानाबद्दल बोलत बसायचास." ती उठली, दोन्ही ग्लास तिने हातात घेतले. "नॉर्बर्ट, मी सबंध उन्हाळा स्वयंपाकघराच्या खिडकीतून या गॅरेजकडे बघत्येय. मॅरीबेथ गेल्यापासून घरात आपण दोघंच आहोत. तुला एकदाही वाटलं नाही, की म्हणावं, ये, बस जरा?"

"सीटच नव्हती," नॉर्बर्ट म्हणाला.

हे बोलल्याबरोबर त्याला कळलं की पृथ्वीच्या पाठीवर जितकी उत्तरं शक्य होती त्यांत हे सगळ्यात वाईट होतं. पण लॉरेटा तोवर घरात गेली होती. तो पुन्हा गाडीखाली जाऊन पडला. पाना हाती लागला, पण कशाला हवा होता ते आठवेना.

दुसऱ्या दिवशी त्याने सीट बसवली. पुढची, उजवीकडची. ड्वेनने तिथे खरोखर मदत केली. ती त्याची बाजू होती. पण लॉरेटाला बोलवायचं कसं, हे त्याला जमेना. मनात वाक्य तयार करावं तर ते निबंधासारखं व्हायचं. एकदा तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि म्हणाला, "लॉरेटा, तुला वेळ असेल तर." ती म्हणाली, "असेल तर काय?" तो म्हणाला, "काही नाही, खिळे आहेत का घरात?"

जत्रेच्या आदल्या दिवशी, पुन्हा जागी बसवलेलं इंजिन सुरू झालं. आधी खोकलं, मग शिंकलं, मग अख्ख्या गल्लीच्या काचा थरथरतील अशी गुरगुर आली. ड्वेनने टोपी काढली. नॉर्बर्टचे डोळे भरून आले, थोडे धुराने. घराच्या दारात लॉरेटा येऊन उभी राहिली. नॉर्बर्टने गिअर पुढे टाकला.

गाडी जागची हलली नाही. इंजिन गुरगुरत होतं, चाकं समाधिस्थ होती. त्याने गिअर मागे टाकला आणि पाँटियाकने उत्साहाने गॅरेजच्या मागच्या भिंतीलाच ढुशी दिली. वरून घसरगाडी, सायकलीचा पंप आणि मॅरीबेथचा बर्फावरचा एक बूट खाली पडला.

ड्वेनने खाली वाकून बघितलं, वास घेतला, चाक फिरवून पाहिलं. "गिअरबॉक्सचा पुढचा क्लच गेलाय. मागे जाते, पुढे नाही. गिअरबॉक्स उतरवायला लागेल. महिनाभर तरी."

नॉर्बर्ट सीटवर बसून राहिला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, बस चुकलेला माणूस ठेवतो तसे. वुडवर्ड गेला, याचं त्याला दुःख झालं हे खरं. पण त्याहून वाईट म्हणजे, वुडवर्ड गेला नसता तरी तो त्या बसस्टॉपच्या बाकावरून उठला असता का, ही शंका त्याला पहिल्यांदाच आली.

लॉरेटा पायऱ्या उतरून आली. "समितीने दिलेल्या त्या कागदावर काय लिहिलंय?" तिने विचारलं. "नेमकं."

"स्वतःच्या शक्तीने हललं पाहिजे."

"पुढेच हललं पाहिजे असं लिहिलंय?"

नॉर्बर्टने तिच्याकडे पाहिलं. ड्वेनने टोपी पुन्हा घातली.

आता अडचण एवढीच होती की गाडीचं शेपूट भिंतीकडे होतं. मागे जाणाऱ्या गाडीला मागे जागाच नव्हती. शनिवारी सकाळी नॉर्बर्ट, ड्वेन आणि लॉरेटा तिला ढकलून बाहेर काढू लागले. अंगणाच्या मध्यावर ती अडली. एक वेडंवाकडं वळण घेतल्याशिवाय तोंड फिरेना आणि ते वळण टिडवेलबाईंच्या हिरवळीवरून जात होतं. बाई अंगणात आल्या. त्यांच्या हातात केक नव्हता.

"आणा इकडून," त्या म्हणाल्या. "झुडूप तर गेलंच आहे." आणि हातमोजे चढवून त्यांनी मागच्या चाकापाशी खांदा लावला. "यजमान असते तर त्यांना हे मुळीच आवडलं नसतं," ढकलता ढकलता त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा आनंदी वाटला.

गाडी नाकाकडून आत गेली आणि शेपूट बाहेर राहिलं. प्रुइट आला तेव्हा सगळे जण घाम पुसत एका ओळीत उभे होते. नॉर्बर्टने किल्ली फिरवली, गिअर मागे टाकला, आणि मान वळवून मागे बघत गाडी सावकाश अंगणातून रस्त्याकडे नेली. अंगण संपलं तसा तो ब्रेक दाबून थांबला. तळ टिकला.

प्रुइटने जाड पुस्तक उघडलं. एक पान वाचलं. मागचं पान वाचलं. "ही पुढे जाते का?"

"अजून नाही," नॉर्बर्ट म्हणाला.

प्रुइटने पुन्हा वाचलं. त्याच्या चेहऱ्यावर वेदना दिसली. नियम मोडल्याची नव्हे, नियम अपुरा लिहिल्याची. "हलली आहे," तो शेवटी म्हणाला. "दिशा लिहिलेली नाही." आणि कार्डावर सही केली. "फक्त रस्त्यावर नेऊ नका. तिला नंबरप्लेट नाही."

नॉर्बर्टने मान डोलावली. आयुष्यभर तो असाच मान डोलावत आला होता. मग त्याने पलीकडे वाकून उजवीकडचं दार उघडलं आणि भोंगा वाजवला. भोंग्यातून म्हाताऱ्या बदकासारखा आवाज आला.

"लॉरेटा," तो म्हणाला. "ये. बस."

लॉरेटा दारापाशी आली. "कुठे जायचंय?"

"माहीत नाही. मागे."

ती बसली. तिने दार ओढलं आणि ते एका खणखणीत आवाजात बंद झालं. समोर उभ्या ड्वेनने अभिमानाने आजूबाजूला पाहिलं. पाँटियाक रस्त्यावर उतरली आणि शेपटाकडून मेपलच्या झाडांखालून निघाली. प्रुइट काहीतरी म्हणत होता, पण आठ सिलिंडरांपुढे नगरपालिकेचं काय ऐकू येणार. फर्नहिलचे लोक ओट्यांवर आले. कुणी हात केला. नॉर्बर्टला परत हात करता आला नाही. एक हात स्टिअरिंगवर होता, दुसरा सीटच्या पाठीवर, आणि मान पूर्ण मागे वळलेली.

"समोर काय दिसतंय?" त्याने विचारलं.

"टिडवेलबाई. हात करतायत." लॉरेटा समोरच्या काचेतून बघत होती. "ड्वेन. आपलं घर." मग तिने काचेवर बोट टेकवलं. "मॅरीबेथची खिडकी. लहान होत चाललंय सगळं."

"वेगात जातोय का मी?"

"नाही. अगदी बरोबर जातोयस."

गल्लीच्या टोकाला, जिथून वुडवर्डकडे जाणारा मोठा रस्ता लागतो, तिथे इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं. नॉर्बर्टने किल्ली फिरवून पाहिली. काही झालं नाही. त्याची मान आखडली होती, त्यामुळे इच्छा असो वा नसो, त्याला मोठा रस्ताच दिसत होता. एकामागून एक गाड्या जत्रेकडे चालल्या होत्या, लाल, पिवळ्या, आरशासारख्या चकाकणाऱ्या, आत पांढऱ्या केसांची माणसं. त्यांची गुरगुर जवळ यायची आणि लांब जायची. तो त्या जाईपर्यंत बघत राहिला. त्यातली एखादी थांबेल असं अजूनही वाटायचं ते वाटलंच. ते बहुधा कधी जाणारच नव्हतं.

लॉरेटाने हात लांब करून त्याच्या मानेवर ठेवला आणि सावकाश चोळू लागली. जरा वेळाने मान सुटली. तिने ती समोर वळवली. गल्ली लांबवर पसरली होती, आणि पार दुसऱ्या टोकाकडून ड्वेन हत्यारांची पेटी घेऊन, गुडघे सांभाळत, येत होता.

"त्याला पोचायला वेळ लागेल," नॉर्बर्ट म्हणाला.

"लागू दे."

"उकडतंय का तुला? तुझ्या बाजूची काच खाली होत नाही. हँडल मफिनच्या साच्यात राहिलंय."

"उकडतंय," लॉरेटा म्हणाली. तिने पायातले बूट काढले, पाय वर घेतले, आणि उतरली नाही.